पाणी चांदाला वडत नाय?

माघातली बीज होती. सकाळी सातच्या सुमाराला मी जेटीपलीकडच्या कातळावर उतरले, तेव्हा काकी आधीच येऊन बसली होती. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही उतरतं, आणि एरवी पाण्याखाली असणारे काळे दगड तास-दोन तासांसाठी उघडे पडतात. कालवं काढणाऱ्या बायका याच दिवसांवर डोळा ठेवून असतात. काकीच्या हातात टोकाशी वाकवलेली लोखंडी सळी होती. दगडाला घट्ट धरून बसलेल्या कालवाच्या कडेला ती टोक लावी, मनगटाला एक हिसका देई, वरचं कवच टकन् सुटे आणि आतलं राखाडी, ओलं मांस उघडं पडे. ते सळीच्याच टोकाने उचलून डब्यात. डब्याच्या तळाला खाडीचंच पाणी. तिच्या बोटांवर जुन्या-नव्या चिरांच्या रेघा होत्या. त्यांतली एक ताजी होती, अजून लाल, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"किती वेळ बसशील काकी?" मी विचारलं. तिने अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला, मग पुढच्या पेरावर सरकवला. "आज बीज. दीडला पाणी पुरा भरंल. नवाला उठायलाच लागंल." चंद्राचा सगळा हिशेब तुझ्या बोटांवर आहे, असं मी म्हणाले. तिने सळी थांबवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चांद पाण्याला वडतो, असं तुमी शिकलेली लोकं सांगता. मंग पाणी चांदाला वडत नाय?"

"ओढतं," मी म्हणाले.

"कसा?" असं विचारून ती उत्तराची वाट न बघता पुढच्या दगडाकडे सरकली, कारण पाणी कुणासाठी थांबणार नव्हतं. तो "कसा" मात्र माझ्याबरोबर घरी आला आणि पुढचे कित्येक दिवस घरातच राहिला.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या खाडीकाठच्या मुलांना कुणी मुद्दाम शिकवत नाही. ते कानावर पडत पडतच अंगात मुरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. दिवसाची भरती कळली की रात्रीचीही कळते, मध्ये साधारण साडेबारा तास. माझे वडील खाडीपलीकडच्या शाळेत शिकवायला जात. पडवीत खिळ्याला पंचांग टांगलेलं असे आणि चहाचा कप हातात घेऊन ते आधी तिथी बघत, मग आकाश, मग आईला सांगत, "आज येताना चिखल आहे." म्हणजे संध्याकाळी होडी काठापर्यंत लागणार नाही, धोतर वर खोचून गुडघाभर चिखल तुडवत यावं लागणार. आई त्या दिवशी न्हाणीघराच्या दाराशी एक बादली जास्तीची भरून ठेवी. त्या चिखलाचा वास मला आजही नीट सांगता येत नाही. कुजलेल्या पानांचा, मिठाचा, कांदळवनाचा, थोडासा माशांचा. शहरात राहायला गेल्यावर कधीतरी अवचित तो नाकाशी येई आणि पोटात कालवाकालव होई.

पण पाऊण तासच का? ते मला शाळेत कधी कळलं नाही, पुष्कळ नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा इतका आनंद झाला की वडील हयात नाहीत याचं त्या दिवशी नव्याने वाईट वाटलं. सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी होते. पृथ्वीला स्वतःभोवती बारा अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. म्हणजे आपला किनारा पृथ्वीबरोबर एक पुरी फेरी मारून कालच्या जागी येतो, तोवर चंद्र आपल्या वाटेने पुढे निघून गेलेला असतो, आणि त्याला पुन्हा गाठायला किनाऱ्याला आणखी तेवढं फिरावं लागतं. घड्याळाचा दिवस २४ तासांचा, चंद्राच्या हिशेबाचा २४ तास ५० मिनिटांचा. त्या ४८ मिनिटांची बोटांवर मोजायला सोपी अशी ४५ झाली, की तिथीची पाऊणपट. पृथ्वीचं परिवलन आणि चंद्राचं परिभ्रमण या दोन्ही गती काकीच्या त्या दोन पेरांत होत्या. हे गणित अर्थात आपल्या किनाऱ्यापुरतं. दुसऱ्या एखाद्या समुद्रावर तिथी तीच असेल, पण पाणी भलत्याच वेळी भरेल, कारण प्रत्येक समुद्राचा तळ आणि काठ वेगळा. हे सूत्र आमच्या पाण्यावर कुणीतरी पिढ्यान् पिढ्या ताडून पाहिलेलं आहे.

वडिलांबरोबर होडीतून जाताना एक खेळ मी एकटीच खेळत असे. नाळेजवळ बसायचं आणि होडीच्या लाकडाकडे बघत राहायचं, मान वर न करता, फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून काठ बघायचा. थोड्या वेळाने होडी थांबलेली वाटे आणि काठावरचे माड, खारव्यांची घरं, वाळत घातलेली जाळी, सगळं मागे मागे सरकू लागे. नेमका हाच अनुभव आर्यभटाने पृथ्वीच्या फिरण्यासाठी वापरला आहे, हे कॉलेजात वाचलं तेव्हा अंगावर शहारा आला होता. इसवी सन ४९९, वय २३, आणि हा तरुण लिहितो की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर गोष्टी जशा उलट जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्याच्या मागून आलेल्या बऱ्याच मोठ्या विद्वानांना ते पटलं नाही. पृथ्वी फिरत असेल तर पक्षी घरट्यात परत कसे येतील, असे आक्षेप घेतले गेले. आक्षेप तसा वाजवीच होता. आमच्या जयगडच्या अक्षांशावर जमीन तासाला सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे आणि तिच्यासकट सगळी पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर. आणि पडवीतल्या तांब्यातलं पाणी हलत नाही. हे सहजासहजी पटावं तरी कसं? मला तर ते माहीत असूनही दर वेळी नव्याने मनाला समजावावं लागतं.

चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, तेव्हा तो स्वतःभोवती फिरतच नसणार, असं मुलांना हमखास वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात प्रदक्षिणा घालताना मला त्याचं उत्तर मिळालं. देव कायम उजव्या हाताला. एक फेरी पुरी होईपर्यंत उजवा खांदा गाभाऱ्याकडेच राहतो, पण तेवढ्यात माझं तोंड समुद्राकडे होऊन जातं, डोंगराकडे होतं, पिंपळाकडे होतं, चारी दिशांना होतं. म्हणजे देवाभोवती एक फेरी आणि स्वतःभोवतीही एक. चंद्राचं असंच आहे. दोन्ही फेऱ्या २७.३ दिवसांच्या. हा योगायोग असता तर फारच विलक्षण ठरला असता, पण तो योगायोग नाही. फार पूर्वी चंद्र स्वतःभोवती वेगाने फिरत होता. पृथ्वीच्या ओढीने त्याच्या खडकालाही फुगवटा येत होता, घर्षण होत होतं, आणि ती गती मंदावत मंदावत शेवटी फेरीशी जुळली. आता तो इतका संथ फिरतो की त्याच्या विषुववृत्तावरची जमीन तासाला फक्त साडेसोळा किलोमीटर सरकते. तिथे कुणी सायकल चालवू शकला तर सूर्य मावळूच देणार नाही.

तरीही तो अगदी ताठ उभा नसतो. वडिलांच्या जुन्या दुर्बिणीतून मी त्याच्या कडेजवळचा एक काळसर लंबगोल डाग बघत आले आहे, बिजेच्या-तिजेच्या कोरीवर पहिल्यांदा दिसतो तो. काही महिने तो कडेपासून ऐसपैस आत असतो, काही महिने कडेकडे सरकून अरुंद दिसतो. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे पृथ्वीजवळ आला की तो वाटेवर भरभर चालतो, लांब गेला की रेंगाळतो. स्वतःभोवतीची गिरकी मात्र एकसारखी. दोन्हींचा ताल थोडा पुढे-मागे होतो आणि त्या फटीतून आपल्याला त्याच्या पलीकडचं थोडंसं दिसतं. अशा डोकावण्यांची बेरीज केली तर चंद्राचा ५९ टक्के पृष्ठभाग पृथ्वीवरून दिसतो. उरलेला ४१ टक्के १९५९ सालच्या ऑक्टोबरपर्यंत कुणीच पाहिला नव्हता. तेव्हा ल्यूना-३ या सोव्हिएत यानाने त्याचे धूसर फोटो पाठवले. माझ्या आजीच्या अर्ध्या आयुष्यापर्यंत चंद्राची मागची बाजू माणसाला ठाऊकच नव्हती.

आजीवरून आठवलं.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कारवारजवळून देशात शिरली. आमच्याकडे ग्रहण खंडग्रास होतं, पण सूर्याचा मोठा भाग झाकला जाणार होता. आजीने सकाळीच सगळ्या पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पानं ठेवली, गाईला आत घेतलं आणि आम्हा सगळ्या मुलांना माजघरात बसवून दार लावून घेतलं. बाहेर बघायचं नाही. डोळे जातात, ही तिची भीती, आणि ती भीती बरोबर होती. आम्ही हिरमुसून सारवलेल्या जमिनीवर बसलो. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे नेहमीसारखे जमिनीवर पडले होते, गोल, लंबगोल, शेणाने सारवल्याच्या बोटांच्या रेषांवर. तास-दीड तास गेला असेल. उन्हाचा रंग बदलला, पिवळा न होता कसा तरी फिकट झाला, आणि माझा धाकटा चुलतभाऊ ओरडला. जमिनीवरचा प्रत्येक कवडसा कोरीचा झाला होता. एक नाही, दोन नाही, माजघरभर कोरी. पिंपावर, उखळावर, आजीच्या नऊवारीच्या निऱ्यांवर. कौलाची फट बारीक असली की तिच्यातून पडणारा कवडसा हे सूर्याचं चित्रच असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर जे बघायचं नव्हतं ते छपरातून आत आलं होतं. आजी पहिल्यांदा घाबरली, हात जोडले, आणि मग तिने पदर पुढे पसरला आणि त्यावर पडलेली कोर ती कितीतरी वेळ बघत बसली.

राहू सूर्याला गिळतो, असं ती सांगे. मला पुढे कळलेलं राहूचं रूप त्या गोष्टीइतकंच भारी वाटतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. दोन्ही पातळ्या जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या त्या बिंदूंच्या आसपास पडली तरच सूर्यग्रहण, नाहीतर चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. आणि हे बिंदूही एका जागी नसतात. ते उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत फेरी पुरी करतात. त्याचा परिणाम आमच्या खळ्यात उभं राहून दिसतो. पौषातला पुनवेचा चंद्र काही वर्षी मध्यरात्री जवळपास बरोबर डोक्यावर येतो, तर २०२४-२५ च्या हिवाळ्यात तो डोक्यावरून चांगला उत्तरेला झुकून गेला. तुळशीवृंदावनाची चांदण्यातली सावली दक्षिणेकडे पडली होती. इथे सावल्या बहुतेक वर्षभर उत्तरेकडे पडतात, म्हणून ती बघताना दिशा चुकल्यासारखं वाटलं.

याच किनाऱ्यावर, विजयदुर्गात, २२ जानेवारी १८९८ ला खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर खग्रास ग्रहण बघायला इंग्लंडहून आला होता. दुर्बिणी बसवण्यासाठी किल्ल्यात बांधलेल्या चौथऱ्यांना आजही साहेबाचे ओटे म्हणतात. हेलियमचा शोध तिथे लागला, असं पुष्कळदा छापून येतं. ते तसं नाही. सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची, तेव्हा अनोळखी असलेली, पिवळी रेषा लॉकयरने १८६८ साली इंग्लंडमधूनच पाहिली होती, आणि त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या ग्रहणात सूर्याचा प्रकाश तपासायला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. विजयदुर्गाचं महत्त्व त्याने कमी होत नाही. चंद्राची सावली बरोबर कुठून, किती वाजता जाणार हे इतक्या नेमकेपणाने ठाऊक होतं की अर्ध्या जगावरून माणसं दीड-दोन मिनिटांच्या काळोखासाठी एका कोकणी किल्ल्यावर येऊन थांबली, आणि तो काळोख ठरल्या वेळी आला. मला त्या ओट्यांवर उभं राहिलं की हे आठवतं आणि छाती भरून येते.

तर, काकीचा "कसा".

चंद्र पाण्याला ओढतो, पाणी फुगतं. पण पृथ्वी २४ तासांत फिरते आणि चंद्र २७ दिवसांत. वेगाने फिरणारी पृथ्वी तो फुगवटा आपल्याबरोबर थोडा पुढे ओढून नेते, त्यामुळे तो बरोबर चंद्राखाली न राहता त्याच्या किंचित पुढे राहतो. आता हे पुढे गेलेलं पाणी चंद्राला ओढतं, आणि ओढतं ते पुढच्या दिशेला. त्या सततच्या ओढीने चंद्राला बळ मिळतं आणि तो हळूहळू वरच्या, लांबच्या कक्षेत जातो. त्याला मिळालेलं हे बळ पृथ्वीच्या फिरण्यातून वजा होतं. म्हणजे पृथ्वी मंदावते, दिवस लांबतो. शतकाला दोन मिलिसेकंदांच्या आसपास, पण लांबतो. अपोलो-११ च्या चांद्रवीरांनी जुलै १९६९ मध्ये चंद्रावर आरसे ठेवले. पृथ्वीवरून लेसरचा झोत टाकायचा, तो अडीच सेकंदांत परत येतो, वेळ मोजायची. त्या मोजणीतून कळलं की चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे. १६६४ साली मालवणला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली तेव्हापासून आजपर्यंत तो साधारण चौदा मीटर लांब गेला. हे सगळं घर्षण कुठे होतं? मोठा वाटा उथळ समुद्रांत, किनाऱ्यालगत, जिथे भरती-ओहोटीचं पाणी तळाला घासत जातं तिथे. म्हणजे आमच्या शास्त्री नदीच्या खाडीचाही त्यात भाग आहे. नगण्य असेल, पण आहे. काकी बसली होती त्या दगडाला घासून जाणारं पाणी पृथ्वीला अडवत होतं आणि चंद्राला पुढे ढकलत होतं. लहानपणापासून मी ऐकत आले की चंद्र आपल्या समुद्राला खेळवतो. आपली खाडी चंद्रालाही काही करते, हे कुणी बोललं नव्हतं. ते त्या बाईने विचारलं, डब्यात कालवं टाकता टाकता.

आणि तो दगड! आपल्या किनाऱ्याचा काळा कातळ म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या थोडं आधी, सात कोटी वर्षांपूर्वी, आजच्या ओमानच्या जागी उथळ समुद्रात एक शिंपला वाढत होता. शिंपले रोज कवचाचा एक बारीक थर चढवतात, आणि ऋतूंप्रमाणे त्या थरांचा घाट बदलतो. २०२० साली त्या जीवाश्म शिंपल्याचे थर मोजले गेले तेव्हा वर्षाचे ३७२ दिवस निघाले. सूर्याभोवतीची फेरी तेवढीच, पण दिवस साडेतेवीस तासांचा. त्याहून जुनी साक्ष प्रवाळांची आहे. १९६३ साली जॉन वेल्स याने सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रेषा मोजल्या आणि वर्षाचे जवळजवळ ४०० दिवस भरले. ओमान आमच्या समोरच, याच समुद्राच्या पलीकडच्या तीरावर. हे वाचल्यावर मी स्वयंपाकघरातल्या कालवांच्या कवचांचा ढीग बाहेर आणून उन्हात बसले. भिंगाखाली एका कवचाच्या कडेला रेघेला रेघ लागून होती, काही दाट, काही विरळ, एके ठिकाणी अचानक काळपट पट्टा. त्यातल्या रोजच्या रेघा कोणत्या हे ओळखायला प्रयोगशाळा हवी. पण ज्या कवचाने माझं बोट कापलं होतं, त्याच कवचात पाण्याच्या चढउताराचा हिशेब लिहिलेला असतो, हे कळल्यावर मी ती कवचं उकिरड्यावर टाकू शकले नाही. ती अजून पडवीत टोपलीत आहेत.

शाळेच्या पुस्तकात ग्रहांचा तक्ता असतो. परिवलनकाळ, परिभ्रमणकाळ, उपग्रहांची संख्या. मुलं पाठ करतात आणि विसरतात. त्या तक्त्याबद्दल माझी तक्रार एवढीच की त्यातल्या आकड्यांमागे काय काय घडलं ते तिथे दिसत नाही. बुध सूर्याभोवती दोन फेऱ्या मारतो तेवढ्यात स्वतःभोवती बरोबर तीन गिरक्या घेतो. १९६५ साली रडारने मोजेपर्यंत सगळे समजत होते की तो चंद्रासारखा एकच बाजू सूर्याकडे ठेवून आहे. शुक्र उलटा फिरतो, आणि इतका सावकाश की त्याची एक गिरकी त्याच्या वर्षापेक्षा मोठी, २४३ दिवसांची. मंगळाचा फोबोस हा उपग्रह मला सगळ्यांत चटका लावतो. मंगळ स्वतःभोवती फिरतो त्याहून तो वेगाने मंगळाभोवती फिरतो, पावणेआठ तासांच्या आत एक फेरी. मंगळावरून बघितलं तर तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. आपल्या चंद्राच्या बाबतीत जे घडतं त्याच्या बरोबर उलट त्याचं होतं. मंगळावरचा फुगवटा त्याच्या मागे पडतो, त्याला मागे खेचतो, आणि तो शतकाला पावणेदोन-दोन मीटरने खाली उतरतो आहे. आणखी काही कोटी वर्षांत त्याचे तुकडे होतील. नियम तोच. एकाला लांब नेतो, दुसऱ्याला जवळ ओढून फोडतो. प्लूटो आणि त्याचा उपग्रह शॅरन यांचं तर सगळं मिटून गेलं आहे. दोघंही ६.४ दिवसांत फिरतात, दोघांचीही एकच बाजू एकमेकांकडे, आणि प्लूटोच्या एका अर्ध्या भागातून शॅरन कधी दिसतच नाही.

पृथ्वी-चंद्राचंही अखेर तसंच व्हायला हवं, पण तितका वेळ सूर्य देणार नाही. हे वाचून वाईट वाटावं की बरं, ते मला ठरवता आलेलं नाही. इतक्या लांबच्या काळाबद्दल काही वाटणंच खरं तर वेडेपणाचं आहे, तरी वाटतं. चंद्र लांब जातोय हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी खळ्यात जाऊन उभी राहिले होते, आणि शेजारच्या वहिनींनी विचारलं की झोप येत नाही का. त्यांना काय सांगणार?

मला जवळच्या काळाची काळजी जास्त आहे. कातळावर आता काकीच्या वयाच्या बायकाच दिसतात. त्यांच्या सुना मुंबईत किंवा रत्नागिरीला नोकरीत आहेत, आणि थंड पाण्यात बसून बोटं कापून घेण्याचं हे काम सुनांनी करावं असं मीही म्हणणार नाही. भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, मिनिटासकट मिळते, होडीवाले तीच बघतात आणि ते शहाणपणाचंच आहे. पण वेळ कळणं वेगळं आणि ती का येते ते हाताच्या पेरांवर असणं वेगळं. पुस्तकातलं परिवलन आणि परिभ्रमण शिकवायला आमच्या शाळांना दिव्याची आणि चेंडूची गरज नाही. शाळेच्या मागे खाडी आहे. तिथे दिवसातून दोनदा ते दोन्ही घडतं आणि वर्गाच्या खिडक्या मात्र रस्त्याच्या बाजूला आहेत.

म्हणून दिवाळीनंतर मी गावच्या शाळेतल्या सरांना गाठलं. सर उत्साही आहेत. जेटीच्या जुन्या खांबावर मुलांनी वीत-वीत अंतरावर रेघा आखल्या. पाणी कुठवर चढलं ते रात्री कोण बघणार, हा प्रश्न होता. एका खारव्याच्या मुलीनेच युक्ती काढली. खांबाला चुना फासायचा, पाणी चढेल तिथपर्यंत तो धुऊन जातो. सकाळी शाळेत येताना रात्रीची रेघ वाचायची, पुन्हा चुना फासायचा, संध्याकाळी दिवसाची वाचायची. वहीत एका बाजूला तिथी, दुसऱ्या बाजूला रेघा. पौषाच्या पुनवेच्या आसपास मुलांच्या लक्षात आलं की रात्रीचं पाणी दिवसाच्या पाण्याहून वीतभराहून जास्त वर जातं. आधी त्यांना वाटलं चुना नीट लागला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. काठावर राहणाऱ्या एका मुलाने सांगितलं की हिवाळ्यात रात्रीचंच पाणी त्यांच्या आगराच्या गडग्याला लागतं, हे त्याच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

कारण चंद्राच्या वाटेत आहे. तो विषुववृत्ताच्या वर फिरत नाही, उत्तर-दक्षिण जात असतो, आणि त्याच्याबरोबर पाण्याचे दोन्ही फुगवटे, चंद्राकडचा आणि पृथ्वीच्या उलट बाजूचा, तिरके होतात, एक उत्तरेकडे, दुसरा दक्षिणेकडे. पृथ्वीबरोबर फिरताना आपला किनारा एकाच्या दाट भागातून जातो आणि दुसऱ्याच्या कडेवरून. राहू-केतूंच्या फेरीमुळे या वर्षांत चंद्र उत्तर-दक्षिण जास्तीत जास्त लांब जातो, त्यामुळे या फरकातला त्याचा वाटाही सध्या जास्त आहे. मी हे फळ्यावर काढून दाखवलं, पण मुलांना खात्री हवी होती आणि ती त्यांनी स्वतःच मागितली. पावसाळ्यात हे उलट होतं का? होतं, मी म्हणाले, आषाढात दिवसाचं पाणी वर जायला हवं. मग आषाढापर्यंत मोजायचं ठरलं. पहिल्याच सरीत रेघा धुऊन जातील, म्हणून त्यांनी ऑइलपेंट मागितला आहे, पांढरा आणि लाल, आणि पावसात चुन्याऐवजी काय फासायचं यावर वर्गात अजून भांडण चालू आहे.